भिंतीवरील चित्रे आणि राष्ट्राची स्मृती

राष्ट्राचा इतिहास केवळ ग्रंथांत लिहिला जातो, असे समजणे हा भ्रम होय. ग्रंथ वाचणारे थोडे. पण सरकारी इमारतीत पाऊल ठेवणारा प्रत्येक जण भिंतीवरचे चित्र पाहतो. हे राष्ट्र कोणी निर्माण केले, या प्रश्नाचे उत्तर ते चित्र एक शब्दही न बोलता त्याच्या मनावर ठसवून जाते.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. वॉशिंग्टन येथील संसदभवनाच्या घुमटाखालील वर्तुळाकार दालनात १२ फूट उंच व १८ फूट रुंद अशी आठ भव्य चित्रे आहेत. त्यांतील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे चित्र जॉन ट्रम्बुल याने काढले असून त्यात ४७ पुरुष आहेत. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, अशी ग्वाही देणारा हा १७७६ सालचा जाहीरनामा! पण त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पदरी गुलाम होते. मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनने तर आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. चित्रात मात्र एकही गुलाम नाही.

त्याच दालनात जॉन चॅपमनचे १८४० साली लावलेले चित्र आहे. पोकाहोंटस ही आदिवासी तरुणी गुडघे टेकून बाप्तिस्मा घेत आहे. तिला १६१३ साली इंग्रजांनी कैद केले होते आणि कैदेत असतानाच तिचा धर्म व नाव बदलले, हे चित्र सांगत नाही. वाचकहो, धर्मांतराचे मोल ते करणाऱ्याच्या स्वतंत्र इच्छेवर ठरते, हे १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा वारसा सांगणाऱ्या आपणांस समजावून सांगावयास नको.

मग ही चित्रे उतरवावीत काय? आमच्या मते, जे वगळले गेले त्यांस त्याच वास्तूत मानाचे स्थान मिळविणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. ते संसदभवन बांधताना गुलामांनी केलेल्या श्रमांचे स्मारक तेथे २०१२ साली बसले. रोझा पार्क्स यांचा पुतळा २०१३ साली उभा राहिला. या दोन्ही गोष्टींना किती उशीर झाला, ते पाहा!

आपल्याकडेही निराळे घडले नाही. संविधान १९५० साली अमलात आले. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागावयास १९९० साल उजाडावे लागले. ज्या सभागृहात संविधान सिद्ध झाले, तेथेच त्याच्या शिल्पकारास चाळीस वर्षे भिंत मिळाली नाही!

म्हणून आपल्या मुलांना शाळेतील, कचेरीतील, ग्रामपंचायतीतील चित्रे डोळसपणे पाहावयास शिकवा. चित्रात कोण आहे हे ती ओळखतीलच. चित्रात कोण नाही, आणि का नाही, हे विचारण्याचे धैर्य त्यांना द्या. जो समाज हा प्रश्न विचारीत नाही, त्याची स्मृती दुसरेच रंगवितात.