आंब्याचे झाड मनूच्या बाजूने साक्ष देत नाही

मागच्या रविवारी विहारातला अभ्यासवर्ग संपल्यावर अकरावीतल्या एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, याला काय उत्तर द्यायचं?" मेसेज असा होता : हापूसच्या झाडाला हापूसच लागतो, बाभळीला काटेच येतात. जसे बी तसे फळ. जात जीन्समध्येच असते, हे आता विज्ञानही मान्य करते.

मित्रांनो, हा मेसेज लिहिणाऱ्याने मनुस्मृती वाचली असेल, पण आंब्याची कलम बांधताना त्याने कधी पाहिलेली नाही.

फळ आणि बी यांचा हिशोब वेगवेगळा असतो. आंब्याचा गर आणि साल फुलातल्या अंडाशयाच्या भिंतीपासून बनतात. ती भिंत आईझाडाची, म्हणून गराची जनुकेही आईझाडाचीच. परागकण शेजारच्या कुठल्याही झाडावरून येवो, हापूसच्या झाडावरच्या प्रत्येक फळाचा गर हापूसचाच राहतो. कोय मात्र नवा जीव आहे. तिच्यातल्या गर्भात निम्मी जनुके आईझाडाची आणि निम्मी परागकणाची. शिवाय प्रत्येक वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणून एकाच झाडावरचे शंभर आंबे गराने सारखे, पण त्यांच्या शंभर कोयी शंभर तऱ्हेच्या.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळते. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच याची खात्री नसते, उगवतो तो रायवळ. म्हणून तो कलम बांधतो. साध्या रायवळाच्या कोयीवर उगवलेल्या रोपाला हापूसची काडी जोडतो. ज्या 'शुद्ध' हापूसचा दाखला देऊन आम्हाला जात शिकवता, तो रायवळाच्या मुळांवर उभा आहे! आणि त्याची शुद्धता बियांतून चालत आलेली नाही, माणसाने कलमी चाकूने ती टिकवली आहे.

मक्याचे कणीस घ्या. कणसाच्या टोकाला जे रेशमासारखे केस लोंबतात, त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा. प्रत्येक केसावर वेगळ्या तुऱ्यातला पराग पडू शकतो. पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका असला, तर एकाच पांढऱ्या कणसात पिवळे दाणे दिसतात. आई एक, कणीस एक आणि बाप अनेक. मेंडेलने १८६६ साली जो निबंध छापला, त्यातही एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले, पिवळे आणि हिरवे वाटाणे शेजारी शेजारी बसलेले होते. भेद शोधायचाच असेल, तर तो एका शेंगेच्या पोटातही सापडतो. त्यासाठी चार वर्ण लागत नाहीत.

आता मनूकडे या. मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो की स्त्री हे शेत आणि पुरुष हे बी, आणि दोघांत बी श्रेष्ठ. आईला नुसती जमीन ठरवणारा हा सिद्धांत पहिल्याच कोयीत मोडतो, कारण कोयीत निम्मा वाटा आईचा आहे. पण गंमत पुढे आहे. बी श्रेष्ठ असेल, तर शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्रीचे मूल शूद्र ठरायला हवे. दहावा अध्याय त्याला चांडाळ ठरवतो, शूद्राच्याही खाली ढकलतो! स्वतःचाच नियम त्याने का मोडला? कारण त्याला शेतीशी देणेघेणे नव्हते. मुलीने कोणाशी लग्न करायचे यावर त्याला पहारा बसवायचा होता. तो पहारा आजही उठलेला नाही. जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या मुलीला मारणारा बाप त्याच पहाऱ्यावर उभा आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले, ते यासाठी जाळले.

झाडाचा दाखला खरे तर आपलाच आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या 'वज्रसूची'त विचारले आहे की उंबर आणि फणस यांना फांदीवर, खोडावर, मुळाजवळ फळे लागतात. मग त्यातले हे ब्राह्मण फळ आणि ते शूद्र फळ, असे कोणी म्हणतो का? एकाच पुरुषापासून चार वर्ण झाले असतील, तर त्यांच्यात भेद कुठून आला? १८३९ साली हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापला गेला, तेव्हा जातीच्या बचावासाठी सुबाजी बापू यांचे उत्तरही त्याला जोडावे लागले. जनुकांचा पत्ता नसताना विचारलेला तो प्रश्न आजच्या विज्ञानापुढेही ताठ उभा आहे. एका झाडाची फळे जनुकांनी सारखीच असतात. उन्हातले फळ रंगते आणि सावलीतले फिके राहते, यात दोष फळाचा की सावलीचा?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नेमके हेच मांडले. माणसाची कुवत तीन गोष्टींवर ठरते : शारीरिक वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा आणि स्वतःचे कष्ट. दुसऱ्या गोष्टीत आमचे ऊन कोणी अडवले, हे ते लपवतात आणि पहिल्या गोष्टीवर बोट ठेवतात. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी बेटसनचा आधार घेतला. हा तोच बेटसन, ज्याने 'जेनेटिक्स' हा शब्द रूढ केला. उच्च बौद्धिक गुण एखाद्या ठरावीक जनुकाने उतरत नाहीत, हे त्याचे मत बाबासाहेबांनी तेव्हाच पुढे ठेवले होते.

आता थोडे आपल्या घरातलेही. आपलीही काही मुले 'आमचा डीएनए वेगळा, त्यांचा वेगळा' असे अभिमानाने म्हणतात. सावध राहा. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात लिहिले. 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये त्यांनी आर्यवंशाचा सिद्धांतच नाकारला. आपण बियांच्या शुद्धतेवर भांडायला लागलो, तर मैदान त्यांचे होते आणि खेळही त्यांचाच.

माणूस आंबा नाही, आणि झाडावरून समाजाचे कायदे काढायचे नसतात. पण ते काढतात, म्हणून झाडाची साक्ष नीट नोंदवून ठेवू. पुढच्या वेळी 'जसे बी तसे फळ' असा मेसेज आला, तर त्या मुलाने एवढेच विचारावे : हापूसची कोय पेरून पाहिलीत का?

जय भीम!