रझांचा बिंदू आणि आपल्या घरातला ड्रॉइंगचा तास

आपल्या वर्धा जिल्ह्यात मुस्लिम घरातल्या हुशार मुलाला ‘पुढे काय?’ विचारा. इंजिनिअरिंग, फार्मसी, आयटीआय अशी उत्तरे येतील. चित्रकला हे उत्तर क्वचितच येते. मी स्वतः इंजिनिअर आहे, त्या वाटेबद्दल तक्रार नाही. पण दुसरी वाट बंद का?

सय्यद हैदर रझा यांचे आयुष्य याचे उत्तर देते. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातला. वर्धा आणि मंडला तेव्हा एकाच प्रांतात होते. वडील जंगल खात्यात. शाळेत लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले. तोच ठिपका पुढे ‘बिंदू’ म्हणून जगभर पोहोचला. रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईत नोकरी करत जे. जे.मध्ये. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला.

आपल्याकडचा पहिला आक्षेप पोटाचा. रझांच्या पाठीशीही पैसा नव्हता. शिष्यवृत्तीवर ते १९५० मध्ये फ्रान्सला गेले. दुसरा आक्षेप तसबिरीचा. रझांची नावाजलेली चित्रे पाहा: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, रंग. मशिदींच्या जाळ्यांत आणि खत्तातीत रमलेल्या समाजाला भूमितीचे वावडे कसे असेल?

याहून मोठी गोष्ट आपलेपणाची आहे. फाळणीनंतर भाऊबंद पाकिस्तानात गेले, रझा गेले नाहीत. लहानपणी पाहिलेल्या गांधीजींशी ती प्रतारणा ठरेल, असे त्यांना वाटले. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले नाही. चित्रांवर ते देवनागरीत ओळी लिहीत. २०१३ मध्ये पद्मविभूषण मिळाले; २०१६ मध्ये त्यांना मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन केले गेले. देशावरचा हक्क त्यांनी भाषणातून मागितला नाही, कामातून दाखवला.

आपल्या मुलांनाही तो हक्क आहे. सुरुवात सोपी आहे: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षांना मुला-मुलींना बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुणही मिळतात. आणि मुलगी वहीत रंग भरत बसली, तर ‘अभ्यास कर’ म्हणण्याआधी तिचे चित्र एकदा नीट पाहा.