'चालतंय ना' वाला पेनड्राइव्ह

मंडळी, वडगाव, कामशेत, लोणावळा... कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन "विंडोज टाकून द्या" म्हणा. बऱ्याचदा ड्रॉवरमधून एक कळकट पेनड्राइव्ह निघतो. त्यात काय आहे विचारलं, की उत्तर ठरलेलं: "लाइट व्हर्जन आहे साहेब, अपडेटची कटकट नाही."

अहो, तीच तर भानगड आहे!

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आपल्याकडची बरीच मशिनं इथेच नापास. मग रजिस्ट्रीत उचापती करून ही तपासणी चुकवायची. इन्स्टॉल होतं, नाही असं नाही. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय.

पेनड्राइव्हवाली प्रत तर त्याहून वाईट. कुणा अनोळखी माणसाने कापलेली, अपडेट काढून टाकलेले, वर क्रॅक मारलेला. आत आणखी काय घातलंय, ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा नेहमीचा युक्तिवाद. अरे बाबा, तुझ्याच मशीनवर गावाची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन होतात ना? धोका तू पत्करणार आणि भोगणार शेतकरी!

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळला, चार माणसं गेली. धोक्याचा फलक तिथे होता. कॉम्प्युटरने जीव जात नाही, मान्य. पण "आजवर काही झालं नाही" ही वृत्ती तीच.

मग करायचं काय? मशीन नियमात बसत असेल तर विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. बसत नसेल तर उबुंटू २४.०४ घ्या. फुकट आहे, सपोर्ट २०२९ पर्यंत आहे, मराठीही टाइप होतं. उतरवलेल्या फाइलचा चेकसम तेवढा ताडून बघा. हां, टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर ते चालतं का, हे आधी तपासा.

आणि दुकानात पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: ही प्रत कुठून उतरवली? अपडेट किती वर्षं येतील? उत्तर "चालतंय ना" असं आलं, तर मशीन उचला आणि सरळ बाहेर पडा.