चटक्यांचा न्याय थांबवा

महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या दर्शनासाठी राज्यभरातून भाविक येतात. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच दिवशी, शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात अन्वा गावी महादेवाच्या मंदिरात गेलेल्या एका माणसाला तापवलेल्या लोखंडी सळईने चटके दिल्याची फिर्याद दाखल झाली. चित्रफीत पसरली आणि महाराष्ट्र हादरला. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण चार माणसांनी सळई तापवून कुणाला ‘धडा’ शिकवावा, हे धाडस येते कुठून, याचे उत्तर समाजालाच द्यावे लागेल.

हे धाडस जुने आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. अग्निदिव्यात आरोपीच्या हातांवर पिंपळाची सात पाने सुताने बांधायची, त्यांवर पन्नास पळे वजनाचा लालबुंद लोखंडी गोळा ठेवायचा आणि त्याने तो घेऊन सात मंडले ओलांडायची. हात भाजला नाही तर तो निर्दोष. मराठेशाहीत रवादिव्य होते. कढत तेलातुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, काढायचा, मग हात बांधून त्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी पंचांसमोर तो उघडून पाहायचा. जाळणे हा आगीचा धर्मच. त्यामुळे अशा न्यायात पुरावा शोधण्याचे कष्ट पंचांना नव्हते. सगळा भार आरोपीच्या कातडीवर.

गोव्यात १५६० मध्ये आलेल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने तर आगीचा जाहीर सोहळा केला. धर्माधिकारी दोषी ठरवायचे आणि जाळण्याचे काम राजसत्तेकडे सोपवायचे. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळले गेले. १५८० मध्ये खुद्द गार्सियाच्या अस्थी उकरून जाळल्या. मेलेल्यालाही सोडले नाही, कारण धाक जिवंतांना बसवायचा होता.

ते सारे इतिहासजमा झाले, असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांनी आपल्या शेजारी पाहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात परांड्याजवळ एका विवाहितेला चारित्र्य सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून पाच रुपयांचे नाणे काढायला लावले गेले. रवादिव्यच ते, फक्त रव्याच्या जागी नाणे आले. त्याआधी २०२० च्या दिवाळीत आपल्याच बीड जिल्ह्यात, येळंबघाट परिसरात, एका तरुणीवर ॲसिड टाकून तिला पेटवण्यात आले. ती तासन्‌तास तडफडत पडली होती, आणि अखेर गेली. या घटनांत जात, गाव, कारण वेगवेगळे. समान आहे ती एकच समजूत: समोरच्याच्या देहावर आपला हक्क आहे. ही समजूत कुणा एका समाजाची नाही. म्हणून बोट दाखवून मोकळे होण्याची सोय कुणालाच नाही.

कायदे अपुरे नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये आगीने वा तापलेल्या वस्तूने केलेली इजा स्पष्टपणे येते. इजा गंभीर असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कबुलीसाठी इजा करणाऱ्यांसाठी कलम १२० आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली चटके देणेही आहे. जातपंचायतींच्या मनमानीला आवर घालणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. अडते ते अंमलबजावणीपाशी. गावातला दबाव, ‘आपसात मिटवा’ असा सल्ला आणि नोंदच न होणारी फिर्याद, इथेच कायदा गारठतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जादूटोणाविरोधी कायद्यातील दक्षता अधिकाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक परळीसह प्रत्येक तालुक्यात ग्रामपंचायतीच्या आणि देवस्थानाच्या फलकावर लावा. चटक्यांची तक्रार आली की त्याच दिवशी योग्य कलमांसह गुन्हा नोंदवा आणि पीडिताला पोलीस संरक्षण द्या. पोलीस पाटलाला माहिती असूनही तो गप्प राहिला, तर त्याला जाब विचारा. आणि गावकऱ्यांनो, अशा वेळी हातातला मोबाइल चित्रफितीसाठी उचलण्याआधी ११२ क्रमांक फिरवा. गर्दीतल्या एकाने जरी सळई तापवणाऱ्याचा हात धरला, तरी पुढचा चटका टळतो. तो हात धरणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.