पाय पाहून अंथरूण

माझ्या धाकट्या भावाने निवृत्तीनंतर एक जुनी व्हॅन घेतली आणि तिचे फिरते घर करायचे ठरवले. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका गॅरेजात तिची मागची आसने निघाली, प्लायचा पलंग बसला, पाण्याची टाकी, दिवे, पंखा अशा सोयी एकामागून एक झाल्या. गाडीत असे बदल करायचे तर परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. ते सोपस्कारही पार पडले. या सगळ्याला मिळून दोन महिने लागले. त्यानंतर एकट्या गादीने तीन महिने घेतले. जी वस्तू एका दुपारी दुकानात जाऊन आणता येईल असे आम्हा दोघांना वाटत होते, तिने आम्हाला बराच विचार करायला लावला. तोच येथे मांडतो आहे.

गाडी होती आईसाठी. आईचे वय त्र्याऐंशी. पंढरपूर आणि देवगडजवळचे माहेर, या दोन ठिकाणी तिला एकदा जाऊन यायचे आहे. मणक्याच्या दुखण्यामुळे ती सलग दोन तासांहून अधिक बसू शकत नाही. मग अर्धा तास तरी पाठ टेकावी लागते. चालत्या गाडीत आडवे होणे कितीही सुखाचे वाटले तरी धोक्याचे असते, कारण करकचून ब्रेक लागला की निजलेल्या माणसाला धरून ठेवणारे काही नसते. तेव्हा गाडी चालू असताना पट्टा लावून बसायचे आणि थांबली की निजायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले. म्हणजे या प्रवासात गादी ही चैन नव्हती. गादी चुकली तर प्रवासच चुकणार होता.

आईने आयुष्याची पंचेचाळीस वर्षे वडाळ्यातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत काढली. खोलीत आम्ही सात जण. बाबा गोदीत पाळीने कामाला. पलंग एकच, तो आजोबांचा. बाकीच्यांची अंथरुणे रात्री जेवणे आटोपल्यावर पडत आणि पहाटे पाणी येण्याआधी उचलली जात. आई सर्वांत शेवटी, मोरीच्या कडेला उरलेल्या जागेत सतरंजी टाकी. ती जागा तिच्या उंचीला पुरत नसे. गुडघे दुमडून कुशीवर निजण्याची जी सवय तिला तेव्हा लागली, ती आज स्वतंत्र पलंगावरही सुटलेली नाही. यात आमच्या घराचे वेगळेपण काहीच नाही. गिरणगावात तर एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारे गिरणी कामगार होते. एक पाळी कामावर गेली की दुसरीने त्याच जागी पाठ टेकायची. या शहराने माणसाच्या निजेला नेहमी उरलेली जागाच दिली.

आपल्या भाषेनेही निजण्याच्या साधनांची मोठी बारकाईने प्रतवारी लावली आहे. गादी सत्तेची: साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, पेढीवरच्या शेटजींची गादी. शेज देवाची; तिच्यासाठी शेजारती होते. अंथरूण आजाऱ्याचे, माणूस अंथरूण धरतो, अंथरुणाला खिळतो. पथारी रस्त्याकडेला बसणाऱ्याची. आणि वळकटी प्रवाशाची. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर जो ट्रक चालतो, त्यात तंबू आणि शिधा यांच्यासोबत वारकऱ्यांच्या वळकट्या असतात. या सर्वांवर कडी करणारी म्हण म्हणजे 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. लहानपणी हा उपदेश मला शहाणपणाचा वाटे. आता त्यातली एक गोष्ट खटकते. ही म्हण निजणाऱ्याला आवरते. अंथरूण घालणाऱ्याला मात्र काहीच सांगत नाही.

गाद्यांच्या दुकानांत या म्हणीचे नवे रूप भेटले. तिथे सगळा भर मऊपणावर. विक्रेता गादीवर हात दाबून दाखवतो, हात आत रुततो आणि आपण प्रभावित होतो. वस्तुतः फोमच्या बाबतीत पाहायची ती घनता, आणि घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घनमीटरला 32 किंवा 40 किलो भरणारा फोम मऊही असू शकतो आणि कडकही; पण तो वर्षानुवर्षे आपला आकार धरून ठेवतो. हलका फोम दुकानात तितकाच छान वाटतो आणि वर्षभरात कंबरेखाली त्याची खळगी होते. दोन मिनिटे निजून पाहिल्याने यांतले काही कळत नाही. निदान पंधरा मिनिटे, आपल्या नेहमीच्या कुशीवर, आपल्या नेहमीच्या उशीसह निजल्यावर खांदा आणि कंबर काय ते सांगू लागतात.

गाडीतल्या पलंगाचा पहिला प्रश्न मापाचा असतो. मारुती ईकोसारख्या लहान व्हॅनची बाहेरची रुंदीच 1475 मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांहूनही कमी. आतले अस्तर आणि पत्रा वजा केल्यावर साडेपाच फुटांचा माणूस तिच्यात आडवा निजूच शकत नाही. पलंग गाडीच्या लांबीतच घालावा लागतो. दुकानातली बहात्तर बाय छत्तीस ही तयार गादी तिथे क्वचितच बसते, कारण चाकांवरचे उंचवटे आणि पत्र्याचा बाक आड येतो. मग कागदाचा साचा करून गादी कापून घ्यावी लागते, आणि येथेच स्प्रिंगची गादी बाद होते. ती कापता येत नाही, जड असते, शिवाय सात-आठ इंच उंची खाते. उंचीचा हिशेब तर फार महत्त्वाचा. पलंगावर उठून बसल्यावर डोके छताला लागू नये, एवढे अंतर राहिलेच पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला आधी बसून, मगच उभे राहता येते. आमच्या गाडीत हे सारे जमवताना गादीसाठी चार इंच उरले.

आता द्रव्यांविषयी. पहिली आठवण अर्थातच कापसाची. चाळीत पिंजारी येत असे. त्याच्या धनुकलीचा टणत्कार दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई. गुठळ्या झालेला कापूस तो पिंजून हलका करी आणि त्याच गादीपाटात भरून नवे टाके घाली. कापसाची गादी दुरुस्त होते, हा तिचा मोठा गुण. पण ती दमट हवा पिते, जड होते आणि तिला कडक ऊन लागते. पावसाळ्यात बंद गाडीत तिला ते कोठून मिळणार? 'मेमरी फोम' हे अमेरिकेच्या 'नासा' संस्थेसाठी 1966 साली विमानाच्या आसनांकरिता झालेल्या संशोधनाचे अपत्य. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो हे त्याचे वैशिष्ट्य, आणि आपल्याकडे हाच त्याचा दोष ठरतो. मे महिन्यात कोकणातल्या रस्त्यावर तापलेल्या गाडीत तो इतका मऊ पडतो की माणूस त्यात रुतून बसतो. महाबळेश्वरच्या थंडीत तोच कडक होतो. रबरात बांधलेला काथ्या हवा खेळू देतो, भार पेलतो, मात्र अंगाला टोचल्यासारखा वाटतो. रबराच्या चिकापासून केलेले लॅटेक्स टिकाऊ आणि लवचिक असते, पण वजनाला आणि किमतीला भारी. आणि साध्या फोमविषयी एक गोष्ट कोणी सांगत नाही. तो पेटला तर फार वेगाने जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गाडीत गादीशेजारी शेगडी मांडणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरीही गादीचा खरा शत्रू ओल हाच आहे. निजलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज बाहेर पडते. घरात ते हवेत विरते. गाडीत ते गार पत्र्यावर आणि गादीच्या तळाशी जमते. सपाट प्लायवर ठेवलेल्या गादीला म्हणूनच खालून बुरशी धरते, आणि ती वास येईपर्यंत दिसत नाही. उपाय असा की प्लायच्या ऐवजी दोन-दोन इंच अंतर ठेवून लाकडी पट्ट्या बसवायच्या. परदेशी कॅम्पर गाड्यांत हीच पद्धत आहे. आईला ते सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बाजच की." खरेच होते. सुतळीने विणलेली बाज खालून वारा घेते, अंगाच्या भाराने हवी तिथे झुकते आणि उभी करून ठेवता येते. आमच्या आजोळी ती ओटीवर असे. बसवलेला प्लाय आम्ही काढून टाकला.

पट्ट्या बसवण्याच्या दिवशी आई गॅरेजात आली होती. शेजारी एक ट्रक उभा होता. त्याचा चालक सोलापूरकडचा, वय पस्तिशीचे. माल उतरवून दोन दिवस परतीच्या भाड्याची वाट पाहत तो तिथेच राहिला होता. आमची खटपट पाहून त्याने आपणहून केबिन दाखवली. आसनांच्या मागे जेमतेम दोन फूट रुंदीची फळी, तिच्यावर रेक्झिन चढवलेला आणि मधोमध बसका झालेला फोम, आणि त्यावर घडी घातलेली गोधडी. "आजी, फोमला घाम चिकटतो. ही आईनं शिवलेली. धुवायची, वाळवायची, परत घालायची," तो म्हणाला. आम्ही फोमची जाडी विचारत होतो, आवरणाची चेन कशी असावी हे विचारत होतो. आईने वेगळेच विचारले, "पाय पुरतात का रे बाळा?"

तो हसला. "पुरवून घ्यायचे, आजी."

त्या उत्तरानंतर म्हणीविषयीचे माझे मत पक्के झाले. आई मोरीच्या कडेला पन्नास वर्षांपूर्वी जे करत होती तेच हा तरुण आज करतो आहे, आणि सकाळी तो कित्येक टनांचे वाहन महामार्गावर नेणार आहे. आईची झोप अपुरी झाली तर तिची पाठ दुखे. याची अपुरी झाली तर रस्त्यावरच्या कोणाचाही जीव जाऊ शकतो. असे असूनही त्याची फळी, त्यावरचा फोम आणि त्याची झोप ही त्याची खासगी बाब समजली जाते. ब्रेक आणि टायर यांच्या यादीत तिला जागा नाही.

कायद्याने काही केले नाही असे नाही. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा होती आणि कामगारांना जिथे रात्री थांबावे लागते तिथे मालकाने विश्रांतिगृहे ठेवावीत असे म्हटले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एकदोन ट्रकांचा मालक त्यात येतच नसे. पुढे हा कायदा 2020 च्या कामगार संहितेत विलीन झाला. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, हे स्वागतार्हच; पण रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या लाखो ट्रकांना ते लागू नाही, आणि थंड हवेने फळी रुंद होत नाही. याउलट महाराष्ट्राने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा पर्यटकाच्या गाडीत बिछाना, प्रसाधनगृह, स्वयंपाकाची सोय यांचा विचार झाला. माझा त्या धोरणाला विरोध नाही. आमची गाडी त्याच हौसेतून झाली आहे. मात्र चार दिवस हौसेने गाडीत निजणाऱ्याच्या पाठीची जितकी चिंता आपण करतो, तितकी वर्षातले कित्येक महिने पोटासाठी गाडीत निजणाऱ्याच्या पाठीची करत नाही. चाकांवरच्या गादीची परीक्षा खरे तर त्याच्या पाठीवर व्हायला हवी. गाडी विकत घेताना निजायच्या फळीची लांबी-रुंदी आणि तिच्यावरची गादी यांची विचारपूस चालकाकडे व्हावी, दर दोन वर्षांनी ती गादी टायरसारखी बदलावी, आणि तो खर्च गाडीच्या देखभालीत धरावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. चार इंचांची चांगली गादी एका नव्या टायरपेक्षा महाग पडत नाही.

आमची निवड शेवटी अशी झाली. खाली तीन इंच रबरयुक्त काथ्या, वर एक इंच लॅटेक्स, बाहेरून सुती गादीपाटाचे चेन लावलेले आवरण. गादीचे दोन तुकडे केले, म्हणजे सकाळी एक उचलून खाली हवा देता येते. सर्वांवर आईची जुनी गोधडी. फार मऊ गादी आईनेच नाकारली. "ती पोटात घेते, कूस बदलू देत नाही," असे तिचे म्हणणे, आणि ते खरे आहे. थकलेल्या शरीराला रुतलेल्या जागेतून वळायला फार बळ लागते. दुकानात कोणी हे सांगितले नव्हते, कारण दुकानात तिला कोणी विचारले नव्हते.

पहिल्या चाचणीसाठी गाडी विठ्ठल मंदिराच्या मागच्या रस्त्याला, थोड्या चढावर, डोक्याची बाजू वर येईल अशी लावली. आई तासभर निजली. भावाने काचेतून पाहिले आणि मला खूण केली. ती नेहमीप्रमाणे गुडघे दुमडून कुशीवर निजली होती. पायांपाशी दीड फूट गादी मोकळी होती. तिला सवय सोडायला आता उशीर झाला असेल. पण ती जागा आम्ही कापून घेतली नाही.