तेलाचा माग आणि मातीची तपासणी

भारत आज गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. तेलक्षेत्र कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली, ती देशातला शोध वाढावा म्हणूनच. आता ‘अमुक भागात तेलाच्या खुणा’ अशी बातमी आली, तर ती कशी वाचावी?

साठ्यावरचा खडक कितीही घट्ट असला, तरी मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन हे हलके वायू बारीक भेगांतून अत्यल्प प्रमाणात वर झिरपतात. चिकणमातीचे कण त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. याला अधिशोषण म्हणतात. काही विषबाधांत आम्ही डॉक्टर रुग्णाला सक्रिय कोळसा पाजतो, तेव्हा पोटात हेच घडते. या कोळशाच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. विष त्याला चिकटते आणि रक्तात कमी जाते.

तेलाच्या शोधात हा गुण दोन प्रकारे वापरतात. काही मीटर खोलीवरची माती काढून प्रयोगशाळेत तिच्यावर आम्लाची प्रक्रिया करतात आणि सुटलेले वायू अब्जांश भागांत मोजतात. किंवा सक्रिय कोळशासारखा अधिशोषक भरलेली छोटी नळी काही दिवस जमिनीत पुरतात आणि नंतर तापवून त्यातले वायू तपासतात. मिथेन मात्र साध्या तापमानाला कोळशावर फारसा टिकत नाही. ही नळी त्याहून जड वायूंसाठीच उपयोगी.

त्यात फार मोठे नुकसानही नाही. कारण भातखाचरात, दलदलीत, कचऱ्याच्या ढिगात जिवाणूही मिथेन तयार करतात. नुसता मिथेन म्हणजे नुसता ताप. त्यावरून रोग कळत नाही. इथेन आणि प्रोपेन जिवाणू जवळजवळ तयार करत नाहीत, म्हणून ते सापडले की संशय बळावतो. मिथेनमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरूनही त्याचे मूळ ओळखता येते.

महाराष्ट्राला याचे विशेष महत्त्व आहे. दख्खनच्या काळ्या कातळाखालचे गाळाचे खडक भूकंपीय सर्वेक्षणात नीट दिसत नाहीत. म्हणूनच तापी खोऱ्यातल्या मातीचे नमुने हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थेने तपासले आहेत.

तरीही ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. खालून वायू येतो एवढेच ती सांगते. साठा किती, किती खोल, काढणे परवडेल का, हे सांगत नाही. वायू भेगांतून तिरका चढला, तर खूण एकीकडे आणि साठा दुसरीकडे असतो. खूण न मिळणे म्हणजे साठा नाही, असेही नाही.

चाळणीत संशय आला म्हणून आम्ही लगेच शस्त्रक्रिया करत नाही. इथेही इथेन-प्रोपेन मोजले का, समस्थानिक तपासले का, इतर सर्वेक्षणांशी ताडून पाहिले का, हे आधी विचारावे. कोरडी निघालेली विहीर कोट्यवधी रुपये गिळते, आणि गावाची आशाही.