झाडूला रजा नाही

दोस्तहो, अंकाला उशीर झाला. कारण साधं आहे. १३ वर्षं झाडू मारल्यावर वयाच्या ३४व्या वर्षी मी लॉ कॉलेजात नाव घातलंय. सकाळी साडेसहाला चौकीवर हजेरी, दुपारी कॉलेज, मधे अंघोळ. ही अंघोळ चुकवून चालत नाही. शेजारचा बाकडा रिकामा होतो.

नोकरी बापाची. तो कामावर असतानाच गेला आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणं वारसा म्हणून त्याचा झाडू माझ्या हातात आला. त्या झाडूनं घर जगवलं, बहिणींची लग्नं केली. त्याला शिव्या देण्याइतका मी हरामखोर नाही. पण कुणाच्या वारसात जमिनी येतात, आमच्या वारसात झाडू. हे विचारायचं की नाही?

वकिलीच का? आमच्या वस्तीतला एक पोरगा ठेकेदारानं काहीही साधनं न देता गटारात उतरवला. वर आलं ते मढं. असं उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३चा. मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली ३० लाख म्हणालं. ठेकेदार म्हणतो, तो आमचा माणूसच नव्हता. त्याची बायको कागदांची पिशवी घेऊन कचेऱ्या झिजवतेय. तिच्याबरोबर तीन वकिलांकडं गेलो. तिघांनीही आधी फी सांगितली. च्यायला, म्हटलं, आपणच शिकू.

अभ्यासासाठी रजा मागितली. खात्यातला साहेब हसला. "अरे, झाडू मारायला एल्‌एल्‌.बी. लागते का?"

हे हसण्यावारी नेऊ नका. साहेब नियमच बोलत होता. राज्य सरकारच्या १९८१च्या रजा नियमांत अभ्यास रजा आहे. अट अशी, की शिक्षणाचा आपल्या कामाशी जवळचा संबंध पाहिजे. आमच्या खात्यानंही तीच अट माझ्या अर्जावर लाल शाईनं लिहून पाठवली. म्हणजे इंजिनिअरनं शिकून मोठा इंजिनिअर व्हावं, डॉक्टरनं मोठा डॉक्टर. झाडूवाल्यानं काय व्हायचं? मोठा झाडूवाला? मनूला पोथी लिहावी लागली, यांनी ते रजेच्या फॉर्मात बसवलं. आणि गटारात मेलेल्यांचा कायदा आमच्या कामाशी संबंधित नाही, तर मग कुणाच्या कामाशी आहे?

स्कॉलरशिप नाही. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, माझा पगार तिच्या वर.

वयाचंही ऐकून घेतो. बार कौन्सिलनं २०१६ साली ३० वर्षांची अट पुन्हा आणली होती; २०१७ साली सुप्रीम कोर्टानं तिला स्थगिती दिली, म्हणून मी त्या बाकावर तरी आहे. आपले शिकलेसवरलेले मित्रसुद्धा विचारतात, "आता या वयात?" बाबासाहेब १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतले. बडोद्याची नोकरी बघितली, १९१८पासून सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसा पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी कर्ज दिलं आणि १९२० साली प्रोफेसर माणूस पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेला. इकडं परळच्या चाळीत रमाईनं चूल कशी पेटवली, ते जयंतीला भाषणं ठोकणाऱ्यांनी कधी मोजलं नाही.

मला ते आता रोज मोजावं लागतं. बायको चार घरची धुणीभांडी करते. म्हणते, "तुमी शिका. पण नोकरी सोडायची असली तर आदी मला सांगा." आई म्हणते, "पर्मनंट भाकर लाथाडू नगंस, बाबा."

परीक्षेला बसायला ७० टक्के हजेरी लागते. माझी ५५ भरलीय. बिनपगारी रजा घेतली तर खोलीचा हप्ता थकतो. नाही घेतली तर वर्ष जातं. परवा तिसरा अर्ज टाकला. ज्यांचे असे अर्ज परत आलेत, मग ते झाडूखात्यातले असोत की गटारखात्यातले, त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला चौकीमागच्या विहारात यावं. लाल शाईचा कागद सोबत आणा. रागाच्या भरात फाडू नका.